सेलमचा साबुदाणा : नाव झाडाचे, वस्तू कंदाची

पुण्याच्या मार्केट यार्डात आमचे भुसार मालाचे दुकान आहे. आजोबांनी भवानी पेठेत सुरू केलेली पेढी वडिलांनी यार्डात आणली आणि आता ती माझ्या मुलांच्या हाती जाऊ लागली आहे. वर्षभर तांदूळ, डाळी, गूळ असा सर्वच माल चालतो. परंतु आषाढी एकादशी, श्रावण, नवरात्र आणि महाशिवरात्र या दिवसांत सर्वांत वेगाने हलणारा माल म्हणजे साबुदाणा. गावोगावचे किराणा दुकानदार आठवडाभर आधीच पोती उचलून नेतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या उपवासावर आमच्या वर्षाच्या उलाढालीचा मोठा भाग उभा आहे, असे म्हटले तरी चालेल.

आपला उपवास निराळा. आपल्याकडे उपवास म्हणजे आहाराचा त्याग. घ्यायचेच तर दिवसा उकळलेले पाणी. त्यामुळे साबुदाण्याची खिचडी आमच्या घरी व्रताचा पदार्थ म्हणून कधी शिजली नाही. बटाटा, कांदा, लसूण, गाजर यांना तर उंबऱ्याच्या आत प्रवेशच नव्हता. असे असूनही आईच्या स्वयंपाकघरात साबुदाण्याचा एक पितळी डबा असे. कोणी आजारी पडले, पोट बिघडले, ताप उतरला, की त्या डब्यातून मूठभर दाणे निघत आणि पातळ पेज शिजे. आजीने आईला सांगितले होते, की साबुदाणा ताडासारख्या एका झाडाच्या गाभ्यातून निघतो, तो कंद नव्हे. म्हणून तो चालतो. आईने ते मानले, आणि आम्हीही कधी अधिक चौकशी केली नाही.

गेल्या दिवाळीनंतर धाकट्या सूनबाईने एक पाकीट माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाली, “पप्पा, यावर टॅपिओका असे छापले आहे. टॅपिओका म्हणजे जमिनीतला कंद ना? मग आईंना आपण पेज कशी देतो?”

पस्तीस वर्षे जो माल मी तोलला, त्याच्याविषयी मला धड उत्तर देता आले नाही. सेलमच्या व्यापाऱ्याशी रोज दूरध्वनीवर भाव ठरवणारा मी, सेलम कधी पाहिलेच नव्हते. तेव्हा जानेवारीत, शिवरात्रीच्या खरेदीचे निमित्त करून, मी पुण्याहून बंगळूरला आणि तेथून सेलमला निघालो.

बंगळूरहून होसूर, धर्मपुरी या मार्गाने गाडी सेलमकडे उतरते. धर्मपुरी जवळ आली तशी खिडकीबाहेर एक अनोळखी पीक दिसू लागले. पुरुषभर उंचीच्या सरळ काठ्या, त्यांच्या टोकाला पंजासारखी, बोटे पसरलेली पाने आणि पानांचे लालसर देठ. दूरवरून पाहणाऱ्यास एरंडाचा भास व्हावा, आणि तो अगदीच चुकीचा नव्हे. कारण ही वनस्पती एरंडाच्याच कुळातली आहे. हाच कसावा. मराठीत त्याला साबुकंद म्हणतात. तमिळमध्ये ‘मरवळ्ळि किळंगु’ हे त्याचे नाव, आणि सेलमच्या बाजूला साधा शब्द ‘कुच्चि किळंगु’, म्हणजे काठीचा कंद.

काठीचा कंद का म्हणतात, हे दुसऱ्या दिवशी आत्तूरच्या रस्त्यावर एका शेतात कळले. आमचे सेलमचे आडते मूळचे राजस्थानचे. त्यांची तिसरी पिढी तेथे नांदते आणि तमिळ त्यांना मातृभाषेसारखी येते. त्यांच्यामार्फत मी शेतकऱ्याशी बोललो. या पिकाला बी पेरत नाहीत आणि बटाट्यासारखा कंदही पुरत नाहीत. काढणी झालेल्या झाडाच्या काठीचे वीतभर तुकडे करून ते वरंब्यावर उभे रोवतात. तोच नवा रोप. आठ ते दहा महिन्यांनी बुंधा धरून अख्खे झाड उपटायचे. खाली मुळांचा घोस निघतो, एकेक मूळ हातभर लांब, मनगटाहून जाड, बाहेरून तपकिरी, आतून दुधासारखे पांढरे. पाणी कमी असले तरी हे पीक तग धरते, निकृष्ट जमिनीतही येते. म्हणून कोरड्या भागातल्या शेतकऱ्याला त्याचा आधार वाटतो.

त्या शेतकऱ्याने एक मूळ मोडून दाखवले. ते मोडले गेले त्या क्षणी माझ्या मनातील आजीच्या झाडाचाही शेवट झाला. साबुदाणा जमिनीखालचा होता, यात संशय उरला नाही.

सेलम ते आत्तूर या रस्त्यावर वाळप्पाडीच्या आगेमागे कारखान्यांची रांग लागते. दुरून प्रथम दिसतात त्या सिमेंटच्या विस्तीर्ण खळ्या. त्यांवर पसरलेला पांढरा माल उन्हात डोळ्यांना सहन होत नाही. दारात कंदांच्या ट्रॉल्या उभ्या होत्या. कंदाचा भाव नुसत्या वजनावर ठरत नाही, त्यात स्टार्च किती आहे यावर ठरतो. नमुन्याचे कंद पाण्यात बुडवून तोलतात; ज्यात स्टार्च अधिक, तो पाण्यातही अधिक भरतो. व्यापाऱ्याच्या डोळ्यांना ही पद्धत पाहून समाधान वाटले.

पुढचे काम आपल्या घरातील बायकांना समजावून सांगावे लागणार नाही. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून चीक तळाशी बसवतात, तेच येथे मोठ्या प्रमाणावर चालते. कंद सोलून धुतात, यंत्रात किसतात, भरपूर पाण्याने गाळतात. गाळलेले दुधी पाणी हौदात स्थिरावते आणि स्टार्च तळाशी घट्ट बसतो. तो ओला स्टार्च फोडून, भुगा करून हलवला, की त्याचे आपोआप गोळे होतात. पूर्वी हे काम कापडाच्या झोळीत होई. दोन बाजूंना दोन माणसे उभी राहून पाळण्यासारखी झोळी हलवत. आता यंत्र हलवते. मग चाळण्यांतून लहानमोठे दाणे वेगळे होतात, तेलाचा हात दिलेल्या तापलेल्या तव्यांवर भाजले जातात आणि खळ्यावर वाळतात. भाजलेल्या दाण्याचा साबुदाणा पांढरा राहतो. वाफवलेला दाणा काचेसारखा होतो, त्याला आपल्या बाजारात ‘नायलॉन’ म्हणतात. साधारण पाच किलो कंदाला एक किलो साबुदाणा पडतो.

आपल्या समाजात साबुदाण्याच्या हौदांविषयी पुष्कळ ऐकिवात असते. उघड्या खड्ड्यांत कुजवलेला लगदा, त्यात पडलेले जीव, पायांनी तुडवणे. मी जो कारखाना पाहिला, त्यापुरतेच सांगतो. हौद छपराखाली होते, फरशीने बांधलेले होते, तुडवणे कोठे दिसले नाही. परंतु सर्वत्र आंबूस वास भरून राहिला होता आणि सांडपाण्याच्या नाल्यावर माश्या होत्या. पाणी इतके वापरले जाते, की त्यातल्या सूक्ष्म जीवांचा विचार मनात येणाऱ्याला तेथे फार वेळ उभे राहवणार नाही. ऐकीव कथा खोटी निघाली म्हणून मन पुरते निःशंक झाले, असे मी म्हणणार नाही.

दुपारी आडत्यांच्या पेढीवर बसलो असता एका कोपऱ्यात मराठी दिनदर्शिका टांगलेली दिसली. मी विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, “भाईसाब, आषाढी आणि शिवरात्र तुमच्या आधी आम्हाला पाहावी लागते.” सेलमचा साबुदाणा तमिळ घरात तसा थोडाच खाल्ला जातो, पायसम होते, उन्हाळ्यात पापड-कुरडयांसारखे वडाम होतात. बहुतांश माल उत्तरेकडे जातो, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. कारखानदारांची ‘सागोसर्व’ ही सहकारी संस्था 1981 साली स्थापन झाली. सभासदांचा माल गोदामात ठेवून, तपासून, निविदा मागवून ती विकते. 2023 साली सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

हा उद्योग सेलमला आला कसा, ती हकिगत व्यापारी घराण्यांनी मुद्दाम ऐकावी अशी आहे. कसावा मुळात दक्षिण अमेरिकेचा. ब्राझीलच्या बाजूच्या लोकांनी तो सहस्रावधी वर्षांपूर्वी लागवडीत आणला. कच्च्या कंदात असे द्रव्य असते, की तो चिरडला असता त्यातून सायनाइड सुटते. कडू जातींत ते पुष्कळ. तरीही तेथील लोकांनी युक्ती शोधली: कंद किसायचा, वेताच्या लांब पिशवीत भरून पिळायचा, विषारी रस काढून टाकायचा आणि उरलेला भुगा भाजायचा. पोर्तुगीजांनी हे पीक आफ्रिकेत नेले. आज तेथील कोट्यवधी लोकांचे ते रोजचे अन्न आहे आणि उत्पादनात नायजेरिया जगात पहिला आहे. भारतात ते सतराव्या शतकात पोर्तुगीजांकडूनच केरळच्या किनाऱ्यावर आले, असे मानतात.

केरळात त्याला लोकप्रिय करण्याचे श्रेय त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांना दिले जाते. त्यांची कारकीर्द 1880 ते 1885 अशी अल्प. परंतु दुष्काळात गरिबाला आधार होईल असे पीक म्हणून त्यांनी कसाव्याचा प्रसार केला. 1942 मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तेथून येणारा तांदूळ थांबला. तेव्हा त्रावणकोरच्या असंख्य घरांत चूल पेटली ती या कंदावर. कंद न खाणाऱ्या आपल्यासारख्यांनी याचाही आदर राखला पाहिजे. आपला त्याग हा आपला नियम आहे. दुसऱ्याच्या भुकेचा अन्नदाता म्हणून त्या पिकाला कमी लेखण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

याच युद्धाने सेलमचे दैव पालटले. तोवर भारतात साबुदाणा पेनांग, सिंगापूर, जावा या बाजूने जहाजाने येई. तमिळमध्ये साबुदाण्याला ‘जव्वरिसि’ म्हणतात, आणि जावाचा तांदूळ असा त्याचा अर्थ सांगितला जातो. जपानने मलायाही घेतल्यावर ही आयात बंद पडली. सेलमचे व्यापारी माणिकम चेट्टियार धंद्यानिमित्त केरळात जात असत. तेथे त्यांची गाठ पोपटलाल शहा यांच्याशी पडली. शहा पेनांगहून आलेले. कसाव्याचे पीठ आणि साबुदाणा कसा करतात हे त्यांनी तेथे पाहिलेले होते. एकाकडे जागा आणि ओळखी, दुसऱ्याकडे जाणकारी. 1943 च्या सुमारास दोघांनी सेलमला हात घातला, आणि त्यातून आजचा हा सर्व पसारा उभा राहिला. बाजार बंद झाला तेव्हा कपाळाला हात लावून न बसता, बंद झालेल्या मालाची जागा कशाने भरेल हे पाहणारी दोन माणसे होती, एवढेच त्यामागचे रहस्य.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आजी खोटे बोलत होती काय? नाही. तिच्या आधीच्या पिढ्यांच्या काळी ‘सागू’ म्हणजे खरोखर झाडच होते. मलाया आणि इंडोनेशियाच्या पूर्वेकडील बेटांवर सागू नावाचा ताडवर्गीय वृक्ष दलदलीत वाढतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने सुमात्रात झाडापासून पीठ काढण्याची रीत पाहून लिहून ठेवली आहे. त्या वृक्षाच्या खोडातील गाभा कुटून, धुऊन जो स्टार्च मिळे त्याचे दाणे म्हणजे मूळचा साबुदाणा. पुढे त्याच बाजूच्या कारखान्यांत कसाव्यापासून तसेच दाणे होऊ लागले. दाणा तसाच, रंग तसाच, नावही तेच. झाड बाजूला सरले, कंद त्याच्या जागी येऊन बसला, आणि आमच्या स्वयंपाकघराला त्याचा पत्ताच लागला नाही.

नावांचा हा खेळ येथेच थांबत नाही. परतीच्या गाडीत मी एक यादीच केली. रोपवाटिकेत ‘सागो पाम’ म्हणून जे शोभेचे झाड मिळते, ते ना ताड ना सागू. ते सायकस नावाचे अगदी वेगळे झाड, आणि त्याच्या बिया विषारी. लॅटिन अमेरिकेत कसाव्याला ‘युका’ म्हणतात. बागेतला तलवारीसारख्या पानांचा ‘यक्का’ हा त्याचा कोणीही नव्हे. केरळच्या पांढऱ्या साडीचा सोनेरी काठ म्हणजे ‘कसवू’. सेलमच्या बाजारात तो शब्द ऐकून मी क्षणभर कंदाचाच भाव चालला आहे असे समजलो होतो. आणि कसावा हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा नातवाला आपले मराठी कासव आठवले, त्याला काय म्हणावे? उलट बाजूने पाहावे तर कसावा, टॅपिओका, मॅनिऑक, कप्पा, साबुकंद ही पाच नावे एकाच वनस्पतीची. आणि मुले हौसेने पितात त्या ‘बबल टी’च्या तळाचे काळे मणीही तीच. नाव सारखे म्हणून वस्तू एक नाही, आणि नाव वेगळे म्हणून वस्तू वेगळी नाही.

आपल्या शास्त्रकारांनी हे फार पूर्वी ओळखले होते. तत्त्वार्थसूत्रात वस्तूचा विचार करण्यासाठी चार निक्षेप सांगितले आहेत: नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव. एखाद्याचे नाव महावीर ठेवले म्हणून तो वीर होत नाही. तो केवळ नामनिक्षेप. लहानपणी पाठशाळेत पाठ केलेले हे शब्द सेलमच्या शेतात मला प्रथमच उमगले. आमच्या घरातला साबुदाणा इतकी वर्षे नामनिक्षेपाने झाड होता; भावाने तो कंद होता.

मग तो अनंतकाय आहे काय? ग्रंथांतील अनंतकायांच्या याद्या सिद्ध झाल्या तेव्हा कसावा भारतात आलेलाच नव्हता. म्हणून त्याचे नाव तेथे शोधून उपयोग नाही, लक्षणांवरूनच विचार करावा लागतो. कोणी म्हणेल, हा कंद पुरला तर बटाट्यासारखा उगवत नाही, उगवते ती काठी. कोणी म्हणेल, जमिनीखालचा तो जमीनकंद, आणि त्याला उपटताना झाडही जाते, मातीतले जीवही दुखावतात. हा निर्णय देण्याचा माझा अधिकार नाही. ज्याने त्याने आपल्या गुरुमहाराजांना विचारावे. मात्र विचारताना ‘झाडाचा साबुदाणा’ असे विचारू नये. प्रश्न खरा असेल तरच उत्तर उपयोगी पडेल.

घरी आलो तेव्हा आईला सांगावे की नाही, या विचारात दोन दिवस गेले. तिचे वय ब्याऐंशी. आयुष्यभर नियम पाळलेल्या जीवाला, तू अजाणता कंद खाल्लास, असे कोणत्या तोंडाने सांगावे? मुलगा म्हणाला, “पप्पा, आता आजीला कशाला त्रास देता? डबा हळूच बदलून टाका.” सूनबाई काही बोलली नाही. परंतु प्रश्न तिने विचारला होता, आणि उत्तर मी लपवले तर पुढे ती कोणताही प्रश्न विचारणार नाही, हे मला दिसत होते.

तिसऱ्या दिवशी आईची सामायिक झाल्यावर मी तिच्याजवळ बसलो आणि सर्व सांगितले. शेत, हौद, पोपटलाल शहा, सागूचे झाड. तिने सगळे शांतपणे ऐकले. मग एवढेच विचारले, “त्या झाडाचा गाभा काढायचे, तेव्हा झाड जगायचे का रे?”

मी सांगितले, “नाही आई. सागूला मोहोर यायच्या आधी त्याला आडवे करतात. तेव्हाच खोडात सर्वांत अधिक स्टार्च असतो.”

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे आम्ही फक्त ‘झाड’ या शब्दावर निश्चिंत होतो.” तिने डबा मागवला, हातात घेऊन पाहिला आणि सूनबाईला म्हणाली, “हा आता दुकानात दे. माझ्या पेजेला तांदूळ पुरे.” त्या संध्याकाळी तिने मिच्छामि दुक्कडम् म्हटले, ते कोणासाठी हे मी विचारले नाही. झोपण्यापूर्वी मला बोलावून म्हणाली, “माझा त्याग माझ्यापुरता. दुकान बंद कर असे मी म्हणत नाही. पण गिऱ्हाइकाने विचारले तर खरे सांगत जा.”

दुकानात साबुदाण्याच्या पोत्यांवर आता एक पाटी लावली आहे: ‘साबुदाणा, सेलम. साबुकंदापासून तयार केलेला.’ शेजारच्या एका व्यापारी मित्राने सांगितले, अशाने आपली जैन गिऱ्हाइके तुटतील. दोन-तीन घरांनी साबुदाणा घेणे थांबवले, हे खरे आहे. त्यांपैकी एक आजीबाई परवा वरीचे तांदूळ घ्यायला आल्या आणि पाटीकडे पाहून म्हणाल्या, “बरे केलेत, सांगितलेत. मलाही माझ्या सासूने झाडाचाच म्हणून दिला होता.”

शिवरात्रीचा माल वेळेवर आला आणि वेळेवर गेला. आईचा पितळी डबा धुऊन पुन्हा फळीवर ठेवला आहे. त्यात आता जुने तांदूळ असतात.